हजेरी, खाडे आणि चवथ: ऑटिझम थेरपी सुरू करताना पालक नेहमी विचारतात ते प्रश्न

हे पान फोंड्याच्या आमच्या केंद्रात मुलाची थेरपी सुरू करणाऱ्या घरांसाठी आहे. स्पीच थेरपी, ऑक्युपेशनल थेरपी (रोजची कामं आणि हालचाली जमाव्यात म्हणून) आणि विशेष शिक्षण अशी तिन्ही सत्रं इथे होतात. मुलं वाळपई, डिचोली, धारबांदोड्यापासून माशेलपर्यंत सगळीकडून येतात. पहिल्या सत्राच्या आधी आम्ही घरच्यांबरोबर बसून हजेरीचा ठराव लिहून काढतो. तिसऱ्या खाड्यानंतर नियम सांगायला घेतला की तो ओरडा वाटतो, म्हणून आधीच. खालचे प्रश्न त्या बैठकांमध्ये निघालेले आहेत, काही तर जसेच्या तसे.

आठवड्यातून किती दिवस यावं लागेल?

तुम्हाला खरोखर किती दिवस जमेल, त्यावर ते ठरतं. डॉक्टरांच्या चिठ्ठीवर 'आठवड्यातून पाच' असं लिहिलेलं असतं आणि पालक उत्साहाच्या भरात पाचाला हो म्हणतात. दुसऱ्या महिन्यात पाचाचे तीन होतात, मग कसेबसे दीड, आणि त्यानंतर आमचा फोन वाजला की आई तो उचलायला कचरते. म्हणून आम्ही चिठ्ठी बाजूला ठेवून आधी घरचा आठवडा मांडायला सांगतो. मुलाला आणणार कोण? गाडी आहे की कदंबची बस? धाकटं भावंड तोवर कुणापाशी राहणार? बाबांना कुंडईच्या कारखान्यात पाळ्या असतील तर रात्रपाळीच्या आठवड्यात काय? सत्तरीतल्या केरीहून येणाऱ्या आईचा पाऊण तासाच्या सत्रासाठी बस बदलत बदलत अर्धा दिवस जातो. तिच्याकडून चार दिवसांची अपेक्षा ठेवली तर ती पहिल्याच महिन्यात थकणार, आणि दोष मात्र तिच्या माथी येणार.

बहुतेक घरांबरोबर आम्ही दोन वारांपासून सुरुवात करतो. तीन ठरवून दीड येण्यापेक्षा दोन ठरवून दोन्ही या. सहा आठवड्यांनी पुन्हा बसायचं. जमत असेल तर वाढवू, जड जात असेल तर कमी करू. कमी केल्याचं कुणी मनाला लावून घेऊ नये.

इंटरनेटवर तर आठवड्याला ४० तास लिहिलेलं असतं. मग दोन सत्रांनी काय होणार?

तो आकडा जुना आहे. १९८७ मध्ये कॅलिफोर्नियातले मानसशास्त्रज्ञ ओ. इव्हार लोवास यांनी अगदी लहान मुलांवरचा एक अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात एका मुलामागे एक शिकवणारा, आठवड्याला ४० तास आणि हे सगळं दोन वर्षं किंवा अधिक, अशी योजना होती. तिथून हा आकडा जगभर फिरला. त्या काळच्या त्या पद्धतीत शिक्षेचाही वापर होत असे, ही गोष्ट आकड्याबरोबर सहसा कुणी सांगत नाही. गोव्यातल्या एखाद्या घराने ४० तासांचा हिशेब मांडायचा म्हटलं तर एकाला नोकरी सोडावी लागेल आणि दुसऱ्याला दोन कराव्या लागतील.

त्यापेक्षा आपल्या अंगणातला एक अभ्यास बघा. गोव्यातली 'संगाथ' ही संस्था आणि रावळपिंडीतला एक गट यांनी मिळून २ ते ९ वर्षांची ६५ मुलं २०१३ मध्ये एका अभ्यासात घेतली. त्यातल्या ३२ घरांना 'पास' नावाची पद्धत दिली गेली. आई किंवा बाबा मुलाशी खेळत असतानाचा व्हिडिओ काढायचा आणि प्रशिक्षण घेतलेल्या कार्यकर्त्याने तो त्यांच्याच शेजारी बसून बघायचा: मूल कुठे थांबलं, कुठे त्याने नजर दिली, कुठे आपण घाई केली. हे कार्यकर्ते तज्ज्ञ थेरपिस्ट नव्हते आणि भेटी साधारण पंधरवड्याने एक अशा होत्या. २०१६ मध्ये 'लॅन्सेट सायकायट्री'त निष्कर्ष आले. आईबाप मुलाच्या कलाने प्रतिसाद देऊ लागले होते आणि मुलं आपणहून जास्त वेळा संवाद सुरू करत होती. सगळ्याच मोजमापांत फायदा दिसला असं नाही. पण आमच्या दृष्टीने त्यातला महत्त्वाचा आकडा निराळाच आहे: त्या ३२ पैकी २६ घरांनी ठरलेला कार्यक्रम शेवटपर्यंत नेला. झेपेल एवढंच मागितलं की माणसं येतात.

याचा अर्थ कमी सत्रं पुरतातच असाही नव्हे. काही मुलांना जास्त लागतात, आणि तसं असेल तर आम्ही स्पष्ट सांगतो. मात्र केंद्रात शिकलेलं जेवणाच्या पाटावर, आंघोळीला आणि दुकानात वापरलं गेलं नाही तर तासांची संख्या कितीही असो, उपयोग थोडाच.

नियमितपणावर एवढा भर का?

बऱ्याच ऑटिस्टिक मुलांना पुढे काय होणार हे माहीत असलं की हायसं वाटतं. मंगळवार म्हणजे हीच खोली, हीच ताई, हाच झोका, हे एकदा बसलं की मूल दारातूनच कामाला लागतं. मध्ये तीन आठवडे गेले की खोली पुन्हा परकी होते. मग सत्राचा पहिला भाग नुसतं रुळण्यात जातो. उरलेल्या वेळात जे होतं ते तुम्ही बाहेर बसून ऐकलंत तर म्हणाल, 'आज काहीच केलं नाही वाटतं.'

दुसरं कारण आमच्या बाजूचं. समजा, मूल पाणी हवं असेल तर हात धरून फिल्टरपाशी ओढत नेतं, आणि आम्हाला त्याला चित्राचं कार्ड हातात देऊन मागायला शिकवायचं आहे. सुरुवातीला मदत लागते, मग थोडी कमी, मग फक्त खूण. मदत कधी कमी करायची हे प्रत्येक वेळच्या नोंदीवरून कळतं. महिन्यात दोनच नोंदी असतील तर पद्धत चुकतेय की सराव कमी पडतोय, हे आम्हालाही सांगता येत नाही. आणि कारण कळल्याशिवाय बदल करणं म्हणजे अंधारात हात मारणं.

एखादं सत्र चुकलं तर मूल मागे पडतं का?

नाही. एका खाड्याने कुठलंच मूल मागे पडत नाही. असं सांगून पालकांना घाबरवणाऱ्या ठिकाणापासून थोडं सावध राहिलेलं बरं.

ठरावात नेमकं काय लिहिलेलं असतं?

येता येणार नसेल तर आदल्या दिवशी संध्याकाळी सहापर्यंत व्हॉट्सॲपवर कळवा. कारण लिहायची सक्ती नाही. सकाळी अचानक आजारपण किंवा गाडी बंद पडणं असं काही झालं तर निघायच्या वेळेपर्यंत कळवा. उशीर झाला तरी या, पण सत्र ठरल्या वेळीच संपेल, कारण पुढचं मूल बाहेर थांबलेलं असतं आणि थांबणं त्याला तुमच्या मुलापेक्षा सोपं जातं असं नाही. उशीर पंधरा मिनिटांहून जास्त होणार असेल तर फोन करा. काही मुलांना अर्धवट सत्रापेक्षा नुसतं येऊन, ताईला भेटून, परत जाणं बरं पडतं. तुमचं मूल त्यातलं आहे का, ते आपण एकत्र ठरवू.

न कळवता सलग तीन वेळा कुणी आलं नाही तर आम्ही फोन करतो आणि भेटायला बोलावतो. नाव काढण्यासाठी नाही. घरात काहीतरी बदललेलं असतं आणि ते आम्हाला कळलेलं नसतं. बहुतेक वेळा वार किंवा वेळ बदलली की प्रश्न सुटतो. भेटूनही, वेळ बदलूनही चार आठवडे काहीच हालचाल नसेल, तर मात्र ती जागा प्रतीक्षा यादीतल्या मुलाला देतो आणि तुमचं नाव यादीत ठेवतो.

ठरावावर आई, बाबा आणि थेरपिस्ट अशा तिघांच्या सह्या असतात. बाबांची सही आम्ही मागून घेतो.

आलो नाही तरी पैसे का? सेवा घेतलीच नाही.

हा प्रश्न रास्त आहे, आणि रागाने विचारला तरी चालेल. आदल्या दिवशी कळवलंत किंवा मूल आजारी असेल तर आम्ही शुल्क घेत नाही. न कळवता खाडा झाला तर पूर्ण घेतो. त्या वेळेला थेरपिस्ट खोलीत सामान मांडून बसलेली असते, आणि ती पाऊण तासाची जागा दुसऱ्या कुणाला देता येत नाही. आदल्या संध्याकाळी कळलं असतं तर आम्ही यादीतल्या एखाद्या घराला फोन केला असता. ते लोकही वाट बघतच असतात.

आमच्याकडून सत्र रद्द झालं तर शुल्क नाही, आणि भरपाईचं सत्र त्याच महिन्यात मिळतं. हे ठरावात लिहिलेलं आहे. न मिळाल्यास हक्काने मागा.

सर्दी-खोकल्यात आणायचं की नाही?

साधी सर्दी असेल आणि मूल खेळत असेल तर आणा. ताप असेल तर तापाचं औषध न देता चोवीस तास ताप नसेपर्यंत घरी ठेवा. उलट्या-जुलाबांनाही तेच, थांबल्यापासून एक दिवस मोजा. कांजिण्यांत सगळ्या खपल्या धरेपर्यंत आणि हात-पाय-तोंडावर फोड येणाऱ्या आजारात ताप जाऊन फोड सुकेपर्यंत नको. डोळे आले असतील तर डॉक्टर म्हणतील तेव्हा. इथली मुलं खेळणी तोंडात घालतात, एकमेकांच्या अंगावर पडतात. एका मुलाचा आजार आठवड्यात अख्ख्या केंद्राचा होतो.

फिट आली असेल तर त्या दिवशी सत्र नको आणि आम्हाला नक्की सांगा. ऑटिझमबरोबर अपस्मार असण्याचं प्रमाण इतर मुलांपेक्षा जास्त असतं, म्हणून ही माहिती थेरपिस्टकडे असायलाच हवी. नवीन औषध सुरू झालं असेल, मात्रा बदलली असेल, तेही कळवा. मूल गुंगीत आहे की कंटाळलंय हे आम्हाला बाहेरून कळत नाही.

चवथीत, म्हणजे गणेश चतुर्थीत, काय करायचं? आम्ही आठवडाभर गावच्या घरी असतो.

जा. चवथीच्या काळातले दिवस आम्ही खाडे धरतच नाही. दीड दिवसाचा गणपती असो की अकरा दिवसांचा, फक्त महिन्याच्या सुरुवातीला किती दिवस नाही ते सांगा. गोव्यातल्या केंद्राने चवथीत हजेरी मोजायला बसणं हा आम्हाला शुद्ध वेडेपणा वाटतो.

पण एक विनंती आहे. मूळ घरात चुलते-मालते, पोरं, पाहुणे मिळून चाळीस माणसं जमणार, आरतीला घुमट आणि झांजा वाजणार, रोजचं ताट बदलणार. तुमच्या मुलाला हे सोपं नाही. म्हणून जाण्याच्या आधीच्या आठवड्यातली सत्रं चुकवू नका. त्या सत्रांत आम्ही तयारीच करतो: माटोळीचे (गणपतीवर टांगलेल्या फळा-पानांच्या सजावटीचे), मखराचे, गावच्या घराचे फोटो दाखवतो, 'मला बाहेर जायचंय' हे कार्ड देतो, आणि आवाज वाढला की कुठल्या खोलीत जायचं ते तुमच्याकडून ठरवून घेतो. गावी असताना एकच काम करा. नेवरी किंवा पातोळी हवी असेल तर मुलाने मागावी, बोटाने, कार्डाने, शब्दाने, कशानेही. एवढं झालं तर चवथ थेरपीतच गेली असं समजा.

दिवाळीच्या आदल्या रात्रीचा नरकासुर आणि शिगम्याचे ढोल हे आणखी कठीण. नरकासुरांच्या रात्री गाण्यांचा दणका पहाटेपर्यंत चालतो, आणि कानांवर हात दाबून बसणारं मूल त्यानंतरचे दोन-तीन दिवस विस्कटलेलं असतं. हे आम्हाला माहीत आहे. त्या दिवसांत आम्ही सत्र हलकं ठेवतो, नवीन काही सुरू करत नाही.

जत्रांचंही तसंच. आपल्याकडे जत्रेतलं नाटक उत्तररात्री रंगात येतं, पेडण्याकडे दशावतारी काला असतो. घरातले सगळे जागे, म्हणून मूलही जागं. दुसऱ्या दिवशी सकाळचं सत्र असेल तर आधीच दुपारचं मागून घ्या. शिरगावच्या लईराईच्या जत्रेला ज्यांच्या घरचे बाबा धोंड (देवीचं व्रत धरणारे भक्त) असतात, त्यांच्याकडे व्रताच्या दिवसांत मुलाला आणायला माणूस नसतो. तारीख पंचांगात असते, ठरावातही लिहून ठेवा. फेस्ताच्या (चर्चच्या सणाच्या) घरांनाही अर्थात हाच नियम.

पावसाळ्यात बस वेळेवर नसते, कधी रस्ताच बंद असतो.

सरकारने शाळांना सुट्टी दिली की आमचंही केंद्र बंद. इतर दिवशी तुमच्या गावच्या परिस्थितीचा निर्णय तुमचा. ओहोळाला पाणी चढलेलं असताना हजेरीसाठी कुणी निघू नये. दिवाडीसारख्या ठिकाणच्या घरांना तर फेरीबोटीचं वेळापत्रकही सांभाळायचं असतं. जून ते सप्टेंबर आम्ही दूरच्या घरांना सकाळी उशिराची वेळ देतो, आणि आठवड्यातलं एक सत्र फोनवर करायची सोय ठेवतो.

फोनवरचं सत्र हजेरीत धरता का?

धरतो, पण ते मुलाशी नसतं, तुमच्याशी असतं. मुलाला मोबाइलसमोर बसवून 'ताईला हाय म्हण' असं करण्यात कुणाचंच भलं नाही. तुम्ही दोन-तीन मिनिटांचा व्हिडिओ काढून पाठवा, खेळताना किंवा जेवताना. त्यावर आपण बोलू. सत्तरीच्या आतल्या भागात रेंज नसते, वीज जाते. व्हिडिओ रेंज मिळेल तेव्हा जाऊ दे, बोलणं साध्या कॉलवर होईल.

मूल दारातच अडतं, रडतं. उचलून आत न्यायचं का?

नाही. रडणं ही त्याची माहिती आहे आणि ती आधी वाचायला हवी. नवीन मुलाला पहिले काही आठवडे अडायचा पूर्ण अधिकार आहे. त्या काळात गाडीत बसून ताईशी खिडकीतून खेळलं, अंगणात दहा मिनिटं पाणी उडवलं, तरी आमच्या वहीत हजेरी लागते. तुम्ही आलात, हे पुरेसं.

आधी येत असलेलं मूल अचानक अडू लागलं तर कारण शोधू. खोलीतला फिनेलचा वास बदलला असेल, शेजारी जनरेटर लागला असेल, ताई बदलली असेल, किंवा मागच्या वेळी त्याच्याकडून जरा जास्तच मागितलं गेलं असेल. कधी दातही दुखत असतो. ज्याला सांगता येत नाही, ते मूल दारात अडूनच सांगणार.

आणि आठवडेच्या आठवडे उलटूनही मूल प्रत्येक सत्रात रडत असेल, तर प्रश्न मुलाला किंवा आईला विचारायचा नसतो, थेरपीला विचारायचा असतो. 'सवय होईल' हे उत्तर आमच्याकडून मिळालं तर स्वीकारू नका. खोलीत येऊन बसायची मागणी करा. तुम्ही आत बसणं आमच्याकडे केव्हाही चालतं. दुसऱ्या कुठल्या केंद्रात दार बंद करून पालकांना कायमच बाहेर ठेवत असतील, तर का, ते जरूर विचारा.

आईनेच यायला हवं का?

अजिबात नाही. आजोबा आणतात, आत्या आणते, एका मुलाचा मोठा भाऊ कॉलेजातून परस्पर येतो. अट एकच: शेवटची दहा मिनिटं ऐकून घरी जाऊन सांगेल आणि करून दाखवेल असं माणूस हवं. रिक्षावाल्याबरोबर किंवा शेजाऱ्यांबरोबर मूल येत असेल, तर ती दहा मिनिटं संध्याकाळी फोनवर घेऊ.

बाबांनी महिन्यातून एकदा तरी यावं असं ठरावात आहे. हॉटेलात नोकरी असलेल्यांना हंगामात सुट्टी मिळत नाही, टॅक्सीवाल्यांचं ऑक्टोबर ते मार्च तेच. त्यांना आम्ही सकाळची पहिली वेळ देतो. बोटीवर असलेल्या बाबांसाठी व्हिडिओ जपून ठेवतो, घरी आले की सुट्टीतली दोन सत्रं त्यांचीच. सगळा भार आईवर टाकून 'तुम्ही नियमित नाही' असं तिलाच सुनावणं सोपं असतं. आम्ही ते करणार नाही.

सासूबाई म्हणतात, मुलगे उशिराच बोलतात, उगाच फेऱ्या कशाला.

त्यांना एकदा घेऊन या. खाडे वाढण्यामागे पैसा आणि बस यांच्याइतकंच घरातलं हे न मिटलेलं बोलणं असतं. सून सत्राला निघाली की घरात कुणीतरी उसासा टाकतं. काही आठवड्यांनी ती निघायचीच बंद होते. आम्ही आजींना व्याख्यान देत नाही. त्यांना नातवाबरोबर खोलीत बसवतो आणि त्याने काय मागितलं, कशाकडे पाहिलं, ते त्यांच्याच तोंडून ऐकतो. काही आज्या पुढे स्वतःच वार लक्षात ठेवतात. काहींचं मत बदलत नाही, तेही ठीक. आडकाठी थांबली तरी पुष्कळ.

थेरपीसाठी शाळा बुडवावी का?

शक्यतो नको. प्राथमिक शाळा दुपारी सुटतात, त्यानंतरची वेळ शाळेतल्या मुलांसाठी राखलेली असते. बालरथाने (शाळेच्या बसने) येणाऱ्या मुलाला शाळेतून परस्पर उतरवून घ्यायचं असेल तर आम्ही मुख्याध्यापकांच्या नावे पत्र देतो. मात्र शाळेतून थेट आलेलं भुकेलं मूल काही शिकत नाही, डबा बरोबर असू द्या. आठवड्यातला एखादा तास बुडणारच असेल तर वर्गशिक्षिकेला आधी भेटा. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात ऑटिझमचा समावेश आहे आणि शाळेने मुलाच्या गरजेनुसार वाजवी सोयी द्याव्यात अशी त्यात तरतूद आहे. पण कायदा दाखवण्याआधी बाईंशी चार शब्द बोललेलं जास्त उपयोगी पडतं.

हजेरीची नोंद आणखी कुठे लागते?

नॅशनल ट्रस्ट या केंद्र सरकारच्या संस्थेच्या 'निरामय' आरोग्य विम्यात ऑटिझम येतो, वर्षाला एक लाख रुपयांपर्यंतचं संरक्षण आहे, आणि थेरपीच्या खर्चाचाही त्यात समावेश असतो. दावा करताना तारखांसह पावत्या लागतात, म्हणून प्रत्येक सत्राची पावती त्याच दिवशी घ्या. स्पीच थेरपी किंवा विशेष शिक्षणाच्या पावतीवर थेरपिस्टचा भारतीय पुनर्वास परिषदेचा नोंदणी क्रमांक आहे की नाही, ते तपासा, इथेच नव्हे, कुठेही.

न झालेल्या सत्राची पावती आम्ही देत नाही. दरवर्षी कुणीतरी मागतं, अगदी सज्जन माणसंही. उत्तर नाही असंच आहे.

खरं सांगायचं तर पैसे पुरत नाहीत, म्हणून खाडे होतात.

हे पहिल्याच महिन्यात सांगा. लाजेने सांगितलं जात नाही, मग 'ताप आला', 'पाहुणे आले' अशी कारणं येत राहतात, आणि आम्ही भलतंच काहीतरी समजून बसतो. सांगितलंत तर मार्ग निघतात. आठवड्याची दोन सत्रं सोडून पंधरवड्याला एक, फक्त पालकांना शिकवण्याचं सत्र घेता येतं. जिल्हा पातळीवरच्या सरकारी शीघ्र हस्तक्षेप केंद्रांची (लहानपणीच तपासणी आणि थेरपी देणाऱ्या) सोय राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमातून आहे. दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र मिळालं की दयानंद सामाजिक सुरक्षा योजनेसाठी अर्ज करता येतो. कागद भरायला आमच्या कार्यालयातली ताई मदत करते, त्याचे पैसे नाहीत. सरकारी केंद्रात जायचं ठरवलंत तर आमचा अहवाल बरोबर घेऊन जा, म्हणजे तिथे पहिल्यापासून सुरुवात नको.

मे महिन्यात आम्ही महिनाभर कोल्हापूरला आजोळी जातो. जागा राहते का?

चार आठवड्यांपर्यंत राहते, शुल्क नाही. त्याहून लांब सुट्टी असेल तर वार बदलू शकतो.

थेरपिस्टच रजेवर गेली किंवा सोडून गेली तर?

ठरलेली रजा आम्ही दोन आठवडे आधी कळवतो आणि मुलाला कॅलेंडरवर फोटो लावून दाखवतो. नोकरी सोडून जाणाऱ्या ताईने नवीन ताईबरोबर काही सत्रं एकत्र घ्यावीत असा आमचा नियम आहे. दर वेळी ते साधतंच असं नाही. या क्षेत्रात माणसं कमी आहेत आणि मागणी जास्त. अचानक बदल झाला तर पहिल्या दोन सत्रांत मुलाने काहीही केलं नाही तरी ती वाया गेली असं समजू नका. तुम्हाला नवीन ताई पटली नाही तर तसं सांगा. खाडे करून सांगू नका, एवढंच.

थेरपी थांबवायची असेल तर काय करावं?

एक मेसेज पुरे. दुसरं केंद्र जवळ पडतं, मूल आता शाळेत रमलंय, विश्रांती हवी, किंवा आमचं काम आवडलं नाही, यातलं कुठलंही कारण चालतं. नुसतं येणं बंद करू नका, कारण मग आम्ही जागा धरून बसतो आणि यादीतलं मूल तिकडे थांबून राहतं. जमलं तर एक शेवटचं सत्र घ्या. त्यात मुलाला ताईचा निरोप घेता येतो, आणि आतापर्यंतच्या नोंदी, व्हिडिओ आणि कार्डांचा संच आम्ही तुमच्या हाती देतो. फाइल तुमची आहे, तिच्यासाठी अर्ज करावा लागत नाही.